डाव्या बाजूचं बटण

बुदिमिरला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्याच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला होता: ‘हेच.’ तहान लागली तरी हेच, उशी टोचली तरी हेच, आणि बायकोने कपाळावरून हात फिरवला की डोळे भरून येऊनसुद्धा हेच. उजवा हात आणि उजवा पाय नुसते लोंबत होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून चौघांनी त्याला वरच्या मजल्यापर्यंत उचलून नेलं. त्यातला एक खालचा ब्लागोये. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ. धापा टाकत तो म्हणाला, “वहिनी, आता याला खाली न्यायचं म्हणजे एकदाच.” बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. स्तोयांकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सगळ्यांना राकिया, आमच्याकडची फळांची दारू, ओतली.

सुरुवातीला तिला वाटत होतं, येईल हळूहळू बोलणं. डॉक्टरही तसंच म्हणाले होते, ‘येईल कदाचित.’ बोलायला शिकवणाऱ्या बाईने चित्रांचे पत्ते दाखवले. कप, किल्ली, कुत्रा. बुदिमिर कपालाही हेच म्हणाला आणि किल्लीलाही. कुत्र्याच्या वेळी त्याने डाव्या हाताने सगळे पत्ते टेबलावरून उडवले. त्या बाईची पुढची वेळ काही मिळाली नाही. जेव्हा विचारावं तेव्हा, यादी मोठी आहे, कळवू.

मग एके दिवशी सज्ज्यातल्या जिरेनियमच्या कुंडीला पाणी घालताना तिला मातीत काहीतरी पांढरं दिसलं. बोटाने उकरलं तर गोळ्या. काही अख्ख्या, काही विरघळून पिठूळ झालेल्या. रक्तदाबाच्या, रक्त पातळ करायच्या, सगळ्या. ती रोज त्याला सज्ज्यात खुर्चीत बसवून गोळ्या हातावर ठेवत होती, तो रोज गालात धरत होता आणि ती स्वयंपाकघरात गेली की कुंडीत थुंकत होता. स्तोयांका सज्ज्यातच खाली बसली. आत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या पाठीकडे बघताना तिला कळून चुकलं की हा माणूस बरा व्हायची वाट बघत नाहीये. हा दुसऱ्याच कशाची तरी वाट बघतोय. तिने हे कुणाला सांगितलं नाही. ऑस्ट्रियात ग्राझला असलेल्या मुलीलाही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गोळ्या कुटून दह्यात द्यायला लागली, तर त्याने चमचा बघून तोंडच मिटलं.

स्तोयांका मूळची डोंगराकडच्या खेड्यातली. इथे लेस्कोवात्स शहरात आली ती कापडगिरणीत बाह्या शिवायला. बुदिमिर त्याच गिरणीत माग दुरुस्त करायचा. लग्नाआधीच्या हिवाळ्यात एका मासिकात घरी बांधायच्या कॉम्प्युटरचा आराखडा छापून आला आणि अर्ध्या देशातल्या पोरांसारखं यालाही वेड लागलं. चिप कुणाच्या तरी मावसभावाकडून सीमेपलीकडून आल्या, पेटी त्याने आईच्या जुन्या कपाटाच्या फळ्यांची केली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा एकच टेबल होतं. एका टोकाला तिचं शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला तारा डाकायची त्याची तापलेली सोल्डरिंग इस्त्री. ती त्या पेटीला सवत म्हणायची. “सवतीला निजवून ये,” म्हणायची, “जेवण निवतंय.”

निजवायचं म्हणजे भिंतीतून प्लग उपटायचा. कारण त्या पेटीला बटणच नव्हतं. सगळं बांधलं, बटण तेवढं राहिलं. “पुढच्या रविवारी बसवतो,” असं बुदिमिर आयुष्यभर म्हणत आला. बाकीच्या देशांनी आमच्यावर निर्बंध घातले त्या वर्षांत वीज जायची-यायची, तेव्हा वीज परत यायच्या आत प्लग काढायला तो जेवणाच्या ताटावरून उठून धावायचा. त्यांची मुलगी नेदा त्याच पेटीवर बेरजा शिकली. पुढे गिरणी बंद पडली, बुदिमिर लोकांची धुण्याची मशीनं दुरुस्त करत हिंडायला लागला, स्तोयांका घरी कपडे आल्टर करायला लागली, आणि पेटी गेली कपाटावर.

आता त्या कपाटाकडे बोट दाखवून तो एका सकाळी म्हणाला, “हेच.”

तिने सूटकेस काढली. नाही. हिवाळी रजई काढली. नाही. “हेच, हेच, हेच,” त्याचा आवाज चढला. शेवटी स्टुलावर उभं राहून तिने मागचं गाठोडं ओढलं आणि चादरीतून लाकडी कोपरा दिसला, तेव्हा तो रडायला लागला.

जुना छोटा टीव्ही शोधून तिने सगळं जोडून दिलं. मोठ्या विटेएवढ्या ट्रान्सफॉर्मरचा प्लग कपाटामागे भिंतीत खोचला. काळ्या पडद्यावर ‘रेडी’ अशी अक्षरं उमटली. बुदिमिरने डाव्या हाताच्या एका बोटाने काहीतरी दाबलं. शब्द नव्हता तो, नुसती अक्षरं. मशीनने उत्तर दिलं, ‘व्हॉट?’ त्याने परत काहीबाही दाबलं. परत ‘व्हॉट?’ आणि बुदिमिर हसला. अर्धाच चेहरा हसला, पण हसला. शब्द गेले होते तरी आकडे मात्र कुठेतरी आत शाबूत होते. दुपारपर्यंत तो मशीनकडून बेरजा करून घेत होता आणि उत्तर आलं की तिच्याकडे बघत होता. त्या दिवशी त्याने घेवड्याचं सूप प्यायलं आणि दह्यातल्या गोळ्यांचा चमचाही घेतला.

हे सुख फार टिकलं नाही. ट्रान्सफॉर्मर जुना झालेला. तासाभरात हात लावता येणार नाही इतका तापायचा, आणि वास यायचा. स्तोयांका जवळ असली की उठून प्लग काढायची. तिने त्याला बजावलेलं असायचं, मी बाहेर गेले की तू चालू करायचं नाही. पण चालू-बंद करणं त्याच्या हातात होतंच कुठे? प्लग कपाटामागे, खाली. ती लावून गेली तर लागलेला, काढून गेली तर निघालेला.

एकदा ती औषधं आणायला दवाखान्यात गेली. जाताना त्याने प्लगकडे असं बघितलं की तिच्याने तो काढवेना. रांग मोठी होती. परत आली तर जिन्यापासूनच जळका वास. बुदिमिर कपाट आणि भिंत यांच्या मधे पडलेला, डावा हात प्लगच्या दिशेने ताणलेला. ट्रान्सफॉर्मर गालिच्यावर पडून गालिचा तपकिरी होऊन धुमसत होता. त्याची पँट ओली झाली होती. वास आला म्हणून तो बिचारा प्लग काढायला उठला होता. हाका मारल्याच असतील, पण खालच्यांना काय ऐकू जाणार, हेच, हेच. स्तोयांकाने आधी प्लग उपटला, मग गालिच्यावर पाणी ओतलं, मग त्याला उचलायला गेली आणि तिच्या कमरेत एकदम कळ आली. दोघंही तसेच जमिनीवर बसून राहिले. तो तिच्याकडे बघत नव्हता.

नेदाला फोनवर सांगायलाच लागलं.

“आई, ते खोकं फेकून दे. आजच.”

“त्याच्यामुळे जेवायला लागला होता ग.”

“घर जाळून घेशील आणि त्यांनाही जाळशील. तुझी कंबर मोडली तर तुम्हा दोघांना कोण बघणार? मी ग्राझहून पळत येऊ का? निश शहरात एक चांगला वृद्धाश्रम आहे, मी बोलून ठेवते.”

“त्याला मी परक्यांच्या हातात देणार नाही.”

“मग मला फोनवर रडू नकोस,” नेदा म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

स्तोयांकाने पेटी परत कपाटावर ठेवली. बुदिमिरने ते पाहिलं, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवण सोडलं. पहिल्या दिवशी तिने समजूत काढली. दुसऱ्या दिवशी रागावली. मग त्याच्या ओठांवर चमचा दाबून धरला, दही हनुवटीवरून उशीवर ओघळलं, आणि तिला स्वतःचाच हात ओळखू येईना. असा माणूस किती दिवस काढेल हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या आईने शेवटी असंच केलं होतं.

म्हणून ती पेटी बाजाराच्या पिशवीत घालून बसस्टँडजवळच्या गल्लीत व्हिओलेताकडे गेली. व्हिओलेता चाळिशी उलटलेली, फोनच्या फुटलेल्या काचा बदलायची. टपरी एवढीशी, पण अख्खं गाव तिच्याकडे जायचं.

“मावशी, हे काय, पाव भाजायचं यंत्र?”

“माझी सवत आहे. उघडून बघ.”

व्हिओलेताने झाकण काढलं आणि दिवा जवळ ओढून आतली एकेक तार बघितली. मग विचारलं, “हे घरी बांधलंय? कुणी?”

“नवऱ्याने. आता त्याचा उजवा हात गेलाय. आणि याचा ट्रान्सफॉर्मर असा तापतो की गालिचा जळला.”

“याला खायला पाच व्होल्टच लागतात. तुमचा तो जुना ट्रान्सफॉर्मर देतो जास्त, आणि हा इथला तीन पायांचा तुकडा जास्तीचं जाळून टाकतो. म्हणून तर सगळं तापतं. आता फोनचा चार्जरही पाचच देतो. एक टाइप-सीचं सॉकेट बसवा, मधे एक बटण बसवा, संपलं. चार्जर तापत नाही, आणि बटण पुढे हाताशी.”

“डाव्या हाताशी.”

“डाव्या हाताशी.”

“मग बसव ना ग बाई.”

व्हिओलेताने दोन्ही हात मागे घेतले. “मी याला हात लावणार नाही, मावशी. यातली एक चिप माझ्या हातून गेली तर कुठून आणू? सामान देते, समजावून सांगते. बांधणारा घरातच बसलाय की. डोकं त्याचं, हात तुमचा.” आणि निघताना परत हाक मारून तिने बजावलं, “ती जुनी वायर तोडूनच टाका. चुकून कुणी जुना ट्रान्सफॉर्मर लावला तर सगळं एका क्षणात खलास.”

घरी तिने खिडकीपाशी टेबल ओढलं. बुदिमिरला खुर्चीत बसवलं, उशा लावल्या आणि पेटी त्याच्यापुढे उघडी करून ठेवली. नखाएवढ्या हिरव्या पट्टीवरचं सॉकेट आणि रुंद काळं बटण त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने बटण अंगठ्याने दाबून पाहिलं. टक. परत, टक. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण खुर्चीत तो थोडा ताठ झाला.

पेटीला भोक पाडायचं काम ब्लागोयेचं. तो आपलं ड्रिल घेऊन आला, टेबलावरचा पसारा बघून म्हणाला, “वहिनी, बाह्या शिवता शिवता इंजिनियर झालात की. आणि तू रे, बुदा, बायकोला कामाला लावून बसलास आरामात?”

“हेच,” बुदिमिर म्हणाला.

“उलट उत्तर देऊ नकोस,” ब्लागोये म्हणाला आणि त्याने समोरच्या फळीला डाव्या बाजूला व्यवस्थित भोक पाडून दिलं.

त्यापुढचं सगळं मात्र बिघडत गेलं. सुईचा हात तिचा चांगला, पण ही सुई नव्हती. वितळलेलं कथिल जिथे धरायचं तिथे धरत नाही, इस्त्री जिथे टेकायची तिथे टेकत नाही. एक बोट भाजलं, मग दुसरं. तिने सॉकेटची तार त्या तीन पायांच्या तुकड्याच्या पहिल्या पायाला लावली, जिथे जुनी वायर येत होती तिथेच. तिला ते सरळ वाटलं. बुदिमिर म्हणाला, “हेच.” तिला वाटलं हो म्हणतोय. तो टेबलावर हात आपटायला लागला. “हेच! हेच!”

“हेच ना? मग हेच तर केलंय.”

त्याने तिचं मनगट धरून ओढलं, इस्त्री सटकली, टेबलाला डाग पडला. “हेच, हेच, हेच.” तिचे कान किटले. महिनोन् महिने तोच शब्द, सकाळी तोच, जेवताना तोच, अंग पुसताना तोच. तिने इस्त्री स्टँडवर टाकली आणि दार ढकलून जिन्यात गेली.

इतका वेळ बाजूला बसून बघणारा ब्लागोये नुकताच ड्रिल घेऊन खाली निघाला होता, मधल्या पायरीवर थबकला. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि बोलली, हळू नाही, नेहमीच्या आवाजात. “भाऊजी, त्या दिवशी रुग्णवाहिका उशिरा आली असती तर बरं झालं असतं. त्याचंही सुटलं असतं आणि माझंही.”

ब्लागोयेने तिच्या मागे बघितलं. दार सताड उघडं होतं.

किती वेळ ती जिन्यात उभी होती तिला आठवत नाही. ब्लागोये ड्रिल पायरीवर ठेवून शेजारी उभा राहिला, एवढं आठवतं. मग घरातून चटका बसल्यासारखा एक आवाज आला आणि ती आत धावली. बुदिमिरने इस्त्री डाव्या हातात घेतली होती. तार धरायला दुसरा हात नाही म्हणून ती दातात धरली होती आणि मान वाकवून पेटीवर झुकला होता. इस्त्री त्याच्या खालच्या ओठाला लागली होती. ओठ पांढरा पडून सुजत होता. तरी तार त्याने दातातून सोडली नव्हती.

तिने इस्त्री काढून घेतली. गार पाण्याचं फडकं ओठाला लावलं. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याने सगळं ऐकलंय हे तिला दिसत होतं. ती फडकं धरून बसली. थोड्या वेळाने त्यानेच तिचं बोट धरलं आणि त्या तीन पायांच्या तुकड्यावर आणलं. पहिल्या पायावर टेकवलं, डोकं हलवलं, नाही. मग तेच बोट तिसऱ्या पायावर नेलं आणि तिथे दाबून धरलं.

“म्हणजे याला बाजूला सारून पलीकडे जोडायचं,” ती म्हणाली. “हा मधला तुकडाच नको?”

त्याने डोळे मिटले. हे त्याचं हो आहे, हे तिला आता कळलं.

तो तुकडा तिने कात्रीने पायापासून कापला. जुनी वायरही कापली. सॉकेटपासून बटण, बटणापासून पलीकडचा बिंदू, असं सगळं शेवटी त्याच्या बोटाच्या खुणेने जोडलं गेलं. नेदाने ग्राझहून पाठवलेल्या फोनचा चार्जर आणला, त्याची दोन्हीकडे बारीक तोंडाची वायर सॉकेटमध्ये बसवली. “दाब,” ती म्हणाली.

त्याने दाबलं. टक.

काही नाही. पडदा काळा. परत टक. वायर काढून उलटी लावली. टक. टीव्ही बंद करून चालू केला. टक, टक. काहीच नाही.

स्तोयांकाला वाटलं, आपण मारलं. आपल्या भाजलेल्या बोटांनी, चुकीच्या पायाला तार लावून, मारून टाकलं. बुदिमिरने बटणावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. रागावला नाही, हेचसुद्धा म्हणाला नाही. तेच भयंकर होतं. तिने त्याला पलंगावर नेलं तेव्हा तो पोत्यासारखा जड झाला होता आणि तिची कंबर पुन्हा लचकली. भिंतीकडे तोंड करून तो पडला तो पडलाच.

नेदाचा फोन आला. वृद्धाश्रमात जागा झाली होती, लगेच कळवायला हवं होतं.

“हो म्हण,” स्तोयांका म्हणाली.

“आई?”

“हो म्हण म्हटलं ना. मला आता उचलवत नाही त्याला.”

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात जाऊन मिरच्या भाजायला लागली. आमच्याकडे त्या दिवसांत प्रत्येक घरी लाल ढोबळ्या मिरच्या भाजतात, साली काढतात, हिवाळ्याची बेगमी करतात. तिने दोघांपुरत्या म्हणून घेतलेल्या टोपलीकडे पाहिलं आणि आच बंद केली.

पेटी व्हिओलेताकडे नेली ती दुरुस्तीच्या आशेने नाही. ती नुसती तिथे टाकून द्यायची होती, सुटे भाग कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून. घरात तिला ती बघवत नव्हती. व्हिओलेताने काही न विचारता आपल्या टेबलावरची एक मळकी वायर, एका टोकाला जुन्या पद्धतीचं रुंद तोंड असलेली, पेटीत खोचली आणि बटण दाबलं. तिच्या तपासणीच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

“चालतंय की,” ती म्हणाली.

स्तोयांका बघतच राहिली. “घरी नाही चाललं.”

“कोणती वायर लावली होती?” स्तोयांकाने पिशवीतून चार्जर काढून दाखवला. व्हिओलेताने ती वायर पाहिली, मग सॉकेटची हिरवी पट्टी भिंगाखाली धरली, आणि कपाळावर हात मारून घेतला. “मावशी, चूक माझी. ही रुंद तोंडाची वायर भोळी असते, लावली की वीज देते. ही दोन्हीकडून बारीकवाली आधी विचारते, समोर कोण आहे. उत्तर मिळालं तरच देते. ते उत्तर द्यायला सॉकेटवर दोन रेझिस्टर असायला लागतात, राईएवढे. मी दिलेल्या या स्वस्तातल्या पट्टीवर ते नाहीतच. तुमचं काम बरोबर आहे. काही जळलं नाही.”

“बरोबर आहे?”

“टाके जाडेभरडे आहेत. पण बरोबर आहे.”

त्या टपरीत स्तोयांका अशी रडली की बाहेर काच बदलायला आलेली बाई परत गेली. व्हिओलेताने तेवढ्या वेळात दुसरी, दोन रेझिस्टर असलेली पट्टी बसवून दिली. एवढ्यापुरता तिने पेटीला हात लावला.

बुदिमिरपुढे पेटी ठेवली तेव्हा त्याने ती बघायलाच नकार दिला. तिने त्याचा डावा हात धरून बटणावर ठेवला आणि सोडून दिला. बराच वेळ हात तसाच होता. मग टक. पडद्यावर ‘रेडी.’ त्याने बंद केलं. चालू केलं. बंद केलं. चालू केलं. प्रत्येक वेळी तो कपाटामागे, खाली, जिथे तो पडला होता तिकडे बघायचा आणि मग परत आपल्या अंगठ्याकडे. पुढे एक आठवडाभर त्याने तेवढंच केलं असं म्हटलं तरी चालेल. आणि जेवला.

मग वृद्धाश्रमाला नकार कळवला का? नाही. इथेच लोक स्तोयांकाबद्दल उलटसुलट बोलतात. बटणाने मशीन चालू झालं, माणूस उचलायचा तो उचलायचाच राहिला. तिची कंबर बघून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तुम्ही याला अजून एक हिवाळा उचललंत तर पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला कुणीतरी उचलेल. नेदा ग्राझहून आली. तिने बापाला पेटीसमोर बसलेलं पाहिलं, अंगठ्याने बटण दाबताना पाहिलं, आणि दारातच उभी राहिली. “आई, ठेवू या का घरीच?” तिनेच विचारलं.

“नाही,” स्तोयांका म्हणाली. “नीट बोल त्याच्याशी. रडू नकोस.”

जायच्या सकाळी तिने त्याची दाढी केली. ओठावर भाजल्याची खूण राहिली होती, तिथे वस्तरा हळू फिरवला. मग म्हणाली, “बुदा, मी जिन्यात बोलले ते तू ऐकलंस. ते खोटं होतं असं मी सांगणार नाही. त्या दिवशी खरं होतं. आज नाही. उद्याचं मला माहीत नाही.”

त्याने तिच्या बोटांवरचे भाजल्याचे डाग अंगठ्याने चाचपून पाहिले.

निशच्या आश्रमातल्या मुख्य बाई कडक होत्या. जुनी विजेची उपकरणं आत आणायची नाहीत, शेगडी नाही, हीटर नाही, घरून आणलेलं काही नाही. त्यांनी पेटी गोल फिरवून पाहिली. “याचा प्लग कुठाय?” स्तोयांकाने फोनचा चार्जर काढून दाखवला. बाईंनी तो उलटसुलट केला, परत पेटीकडे बघितलं. नियमात फोनच्या चार्जरविरुद्ध काही नव्हतं. “खिडकीपाशी ठेवा,” त्या म्हणाल्या.

दर आठवड्याला ती बसने जाते. बुदिमिरच्या खोलीत स्वेतोझार नावाचा एक म्हातारा आहे, पूर्वी स्टेशनमास्तर होता. तिला बघितलं की त्याच्या तक्रारी सुरू होतात.

“बाई, तुमचा नवरा दिवसभर टकटक टकटक. डोकं उठलंय.”

“त्याला सांगा, बंद कर म्हणून.”

“सांगतो की. लगेच बंद करतो, सभ्य माणूस आहे. मी डोळा लावला की परत चालू करतो.”

बुदिमिर तेव्हा पडद्याकडे बघत असतो, पण कान इकडे असतात. बोलणं त्याचं परत आलेलं नाही, यायचंही नाही. कधी कधी ती जाते तेव्हा तो तिला ओळखल्यासारखं करत नाही, पाठ फिरवून बसतो, आणि ती तासभर त्याच्या पाठीशी बसून येते. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिला वाटतं, आपण त्याला टाकून दिलं. बाकीच्या दिवशी ती त्याची नखं कापते. डावा हात तो स्वतः पुढे करतो. उजवा हात तिला उचलून मांडीवर घ्यावा लागतो. एकेक बोट सरळ करत ती ते काम सावकाश करते, कारण ते झालं की बसची वेळ होते.